झरीनला न्हाऊ घालताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुवेतच्या जाब्रिया वस्तीतली निम्मी बिऱ्हाडं आपापल्या मुलखाला जातात. कुणी केरळला, कुणी कैरोला, कुणी मनिलाला. शहरबानू मुकादमचं बिऱ्हाड त्या वर्षी पोलंडला जायचं होतं. तिची धाकटी बहीण झरीन तिथं राहायची. तात्रा पर्वताच्या पायथ्याशी, नोव्ही तार्गच्याही पुढच्या एका खेड्यात, जिथं बर्फ साचून राहू नये म्हणून घरांना उभी उतरती लाकडी छपरं असतात.

दापोलीजवळच्या खाडीकाठची मुलगी तिथं कशी पोचली, हे शहरबानूला सगळ्यांना सांगावं लागायचं. झरीन जाब्रियातल्याच एका हॉस्पिटलात नर्स होती. तिथं हलीना नावाची पोलिश फिजिओथेरपिस्ट तिची मैत्रीण झाली. हलीना शुक्रवारी शहरबानूकडे जेवायला यायची, सुरमईचं कालवण हातानं खायची आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा वाढून घ्यायची. एका हिवाळ्यात तिचा भाऊ स्ताशेक तिला भेटायला आला. पुढच्या हिवाळ्यातही आला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यानं कलमा पढला आणि झरीनशी निकाह लावला. घरात बरीच आदळआपट झाली, मग हळूहळू निवली. झरीन नवऱ्याच्या गावी गेली. आई थकली म्हणून थोड्या वर्षांनी हलीनाही परतली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी शहरबानू, तिचा नवरा यूसुफ आणि मुलगी युसरा पहिल्यांदा तिकडे गेली होती. शहरबानूला ते दिवस अजून तोंडपाठ होते. स्ताशेक कुरणातलं गवत कापायचा आणि सगळं घर ते दाताळ्यानं उलटं करून वाळवायचं. शेजारणी धुरी दिलेलं मेंढीच्या दुधाचं चीज आणून द्यायच्या. जाब्रियाच्या जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून नेलेल्या तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या झरीन अंगणात थापायची आणि हलीनाची म्हातारी आई शेजारी बसून टाळ्या वाजवायची. हलीनाचे कुवेतमधले जुने सहकारी क्राकोवहून मुद्दाम भेटायला आले होते. निघताना सगळ्यांनी ठरवलं होतं, एक उन्हाळा आड यायचंच.

मधल्या वर्षी झरीनला कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, बरं आहे असं ती म्हणत राहिली. व्हिडिओवर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून हसत राहिली.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. यूसुफ कामावर होता, युसरा शाळेत. झरीन बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आपा, तुम्ही जुलैत येणार ना?"

"हो. तिकिटं काढायचीत."

"लवकर ये. मला न्हाऊ घालायला तूच ये."

शहरबानूला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, आजारपणात आधार देऊन आंघोळ घालायची.

"आई गेली तेव्हा तिला आपण दोघींनी घातलं होतं, आठवतं?" झरीन म्हणाली. "तू चोळत होतीस, मी नुसती पाणी ओतत होते. माझा हात पुढं जात नव्हता. आपा, इथं सगळे माझ्यावर जीव टाकतात. पण हे कुणाला येत नाही. क्राकोवला मशीद आहे, तिथल्या बायका मी बघितलेल्याही नाहीत. मला परक्या हातांची भीती वाटते."

"गप बस," शहरबानू म्हणाली.

"बसते. तू ये फक्त."

हे बोलणं शहरबानूनं कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी यूसुफ शुऐबाच्या कारखान्यातून आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की झरीनची तब्येत नरम आहे, जुलैची वाट न बघता निघू या. यूसुफ एका कंत्राटदार कंपनीत सुपरवायझर होता. कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करायचा वार्षिक शटडाऊन चालू होता, रोज चौदा-चौदा तास काम. देश सोडायचा तर कंपनीची परवानगी लागते. त्यानं मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला, शटडाऊन संपू दे, मग महिनाभर जा.

"थोडे दिवस थांब," यूसुफ तिला म्हणाला. "तिघं मिळून जाऊ. तू एकटी पोरीला घेऊन कुठं विमानं बदलत बसणार?"

शहरबानू त्या वेळी बोलू शकली असती. ताटावर बसलेल्या, डोळे मिटत चाललेल्या त्या माणसाकडे बघून तिनं नुसती मान हलवली. दर दोन दिवसांनी ती सूटकेस उघडायची आणि त्यात काहीतरी ठेवायची. मक्केहून आलेलं अत्तर, कापूर, पांढरं सुती कापड. युसरानं विचारलं, एवढं कापड कशाला. ती म्हणाली, हलीनाला पडदे शिवायचेत.

शटडाऊन संपला. यूसुफची परवानगी आली. तिकिटं झाली. आणि निघायच्या आदल्या दिवशी आखातावर क्षेपणास्त्रं उडाली आणि आकाश बंद झालं.

पहिल्या दिवशी सगळे म्हणत होते, काही तासांचा प्रश्न आहे. ती तिघं विमानतळावर जाऊन बसली. फलकावर लाल अक्षरं होती. माणसं जमिनीवर पथाऱ्या टाकून बसली होती. घरी परत आली तर हलीनाचा मेसेज होता, झरीन आता जेवत नाही, पण तुझं नाव घेतलं की डोळे उघडते. दुसऱ्या दिवशी काही विमानं सुटली आणि पुन्हा बंद झाली. तिसऱ्या दिवशी एअरलाइनचा फोनच लागेना. शहरबानू खिडकीशी उभी राहून आकाशाकडे बघायची. तिथं धूळ होती आणि दुसरं काही नव्हतं.

"अम्मी, प्लीज बसून घे," युसरा म्हणायची.

शेवटी यूसुफच्या एका ओळखीच्या एजंटनं रस्ता सांगितला. नुवैसीबच्या नाक्यावरून सौदीत शिरायचं, पलीकडे बस मिळेल, दम्मामहून विमान. मायलेकींचे सौदीचे व्हिसा त्यानं करून दिले. यूसुफचा झाला नाही. तो त्यांना नाक्यापर्यंत सोडणार होता.

ते पहाटेच निघाले, पण निम्मं कुवेत आधीच निघालेलं होतं. नाक्याच्या बरंच अलीकडे गाड्या थांबल्या होत्या. ऊन चढलं. गाडीचा एसी धापा टाकू लागला. लोक इंजिनं बंद करून बाहेर उभे राहायचे आणि भाजलं की परत आत बसायचे. पुढच्या गाडीतली इजिप्शियन बाई लेकराच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवत होती. रांग थोडी सरकायची, पुन्हा थांबायची. फोनला रेंज यायची आणि जायची.

दुपारच्या सुमारास रेंज आली आणि फोन वाजायचा थांबेचना. हलीनाचे चुकलेले कॉल एकापाठोपाठ एक उमटत गेले. शहरबानूनं फोन युसराच्या हातात दिला. युसरानं लावला. ती ऐकत राहिली, मध्येच "येस" म्हणाली, पुन्हा "येस" म्हणाली. मग तिनं फोन छातीशी धरला.

"मावशी गेली," ती म्हणाली. "सकाळी."

यूसुफनं इन्ना लिल्लाह पढलं. शहरबानू समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत होती.

"आणखी काय म्हणते ती?" तिनं विचारलं.

"शववाहिनीचे लोक तीन वाजता येणार आहेत. गावात थंड खोली नाही, ते शहरात नेणार. एकदा नेलं की पेटीतच ठेवतात, मग हात लावू देत नाहीत. क्राकोवचे इमाम उद्या दफनाला येतील, पण गुसल देणारी, मयताला न्हाऊ घालणारी त्यांची बाई सुट्टीला तुर्कस्तानात गेलीय." युसरा आईकडे वळली. "हलीना विचारते, तू कुठपर्यंत आलीस. मावशीनं तिला सांगितलं होतं की आपा येऊन न्हाऊ घालेल."

यूसुफ वळून बायकोकडे बघू लागला. "तुला ठाऊक होतं?"

"मे महिन्यापासून."

"मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी पाठवलं असतं तुला."

"सांगायला तोंड उघडलं असतं तर ते खरं झालं असतं," शहरबानू म्हणाली. "आणि तुम्हीही विचारलं नाहीत."

रांग सरकली. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. यूसुफनं गाडी पुढं घेतली नाही.

शहरबानूनं गावच्या मौलानांना फोन लावला. दोनदा कटला, तिसऱ्यांदा लागला. तिनं विचारलं, तिथं मुसलमान बाई एकही नाही, नवरा आहे आणि नणंद आहे ख्रिस्ती, तर काय करायचं. मौलाना म्हातारे होते, झरीनला त्यांनी कुराण शिकवलं होतं. ते म्हणाले, आपण शाफई पंथाचे आहोत, आपल्यात नवरा बायकोला गुसल देऊ शकतो, आणि दुसऱ्या धर्माच्या बाईनं घातला तरी होतो. तू सांग, तसं ते करतील. अल्लाह कबूल करणारा आहे.

"गाडी वळवा," शहरबानू म्हणाली.

"आणि नाका?"

"कुणाला भेटायला जाऊ आता? गाडी वळवा. मला शांत जागा पाहिजे. इथं हे बोलता येणार नाही."

आजूबाजूला सगळे पुरुष उभे होते, हॉर्न होते, रडणारी मुलं होती. घर फार लांब होतं. यूसुफला विठ्ठल आठवला. विठ्ठल राजापूरचा, वफ्रात एका शेतावर माळीकाम करायचा. यूसुफ सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडून भेंडी आणि टोमॅटो आणायचा. वफ्रा तिथून जवळ होतं. यूसुफनं फोन करून एवढंच सांगितलं की बानूची बहीण वारलीय आणि आम्हाला एक खोली हवी आहे.

ते पोचले तेव्हा विठ्ठल फाटकाशी उभा होता. काचघरांच्या मागे मजुरांच्या खोल्या होत्या. त्यानं आपल्या खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर काढलं होतं, जमीन पुसली होती, गादीवर धुतलेली चादर घातली होती. भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघून तो म्हणाला, "भाभी, हे काढू काय?"

"राहू दे," शहरबानू म्हणाली.

"बाहेर आहे मी. कुणी येणार नाही इकडं." त्यानं दार ओढून घेतलं. यूसुफ त्याच्याबरोबर खजुरीच्या सावलीत जाऊन बसला.

शहरबानूनं हात, तोंड, पाय धुऊन वजू केला आणि ती गादीवर बसली. युसरा समोर, फोन मध्ये. युसरा सतरा वर्षांची होती. घरात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची तिला सवय. आज ते इंग्रजीच कामाला येणार होतं. हलीनाचं हिंदी चार वाक्यांचं आणि शहरबानूचं इंग्रजी दुकानापुरतं.

"तिला सांग, कॅमेरा बंद ठेव. फोन भिंतीकडे तोंड करून ठेव. झरीनला कुणी बघायचं नाही, मीसुद्धा नाही. नुसता आवाज."

युसरानं सांगितलं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मग एका घमेल्यात पाणी पडल्याचा.

"खोलीत तू आणि स्ताशेक, आणखी कुणी नको. खिडक्या लाव. गळ्यापासून पायापर्यंत चादर घाल आणि आतले कपडे कापून काढ. चादर हलू द्यायची नाही."

कात्रीचा आवाज आला. स्ताशेक काहीतरी पोलिशमध्ये पुटपुटत होता.

"पाणी कोमट आहे का बघ. ती थंड पाण्याला घाबरते." युसरानं हे वाक्य भाषांतर करताना थांबून आईकडे बघितलं, पण शहरबानूचे डोळे मिटलेले होते.

पोट हलक्या हातानं दाबायचं, हातमोजा घालून खालचं अंग चादरीखालूनच धुवायचं, हे सांगायची वेळ आली तेव्हा युसराचा आवाज गेला. "अम्मी, आय कान्ट," ती म्हणाली.

"हलीना नर्सांसारखंच काम करत आलीय, तिला सगळं ठाऊक आहे. तू फक्त शब्द दे. झरीननं तुला लहानपणी धुतलंय ना, तसंच आहे हे."

युसरानं शब्द दिले. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

मग वजू. हात, तोंड, नाक, चेहरा. मग डोकं. मग आधी उजवी बाजू, खांद्यापासून पायापर्यंत, मग डावी. "सांभाळून कुशीवर कर. ऑपरेशनच्या जागेवर दाबू नको. पाणी ओतताना हात फिरव. बिस्मिल्लाह म्हण, स्ताशेकला म्हणू दे."

स्ताशेकचं बिस्मिल्लाह जड जिभेनं, तुटक तुटक आलं. त्यानंतर बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं. ओतलेलं, निथळणारं, घमेल्यात परत पडणारं. शहरबानूचे हात आपोआप हलत होते. गादीवरच्या चादरीवर ती उजवीकडून डावीकडे हात फिरवत होती, आणि तिचं तिला कळत नव्हतं.

"आता तिसऱ्या पाण्यात कापूर."

पलीकडून हलीना म्हणाली की कापूर नाही. औषधाच्या दुकानातून कापराचं स्पिरिट आणलंय, चालेल का.

शहरबानूची सूटकेस गाडीच्या डिकीत होती. कापूर तिच्यात होता.

"नको," ती म्हणाली. "साधं पाणीच घाल."

"आता केस," ती पुढं म्हणाली. "केस हळू विंचरायचे. तीन वेण्या घालायच्या आणि पाठीमागं सोडायच्या."

युसरानं सांगितलं. पलीकडे मग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हलीना जे बोलली ते युसराला सांगावंच लागलं नाही. शहरबानूला तेवढं इंग्रजी कळत होतं. बानू, केस नाहीत. हिवाळ्यापासून नाहीत.

शहरबानू पुढं झुकली आणि तिनं कपाळ त्या चादरीवर टेकवलं. तोंडातून आवाज निघाला, तो यूसुफनं बाहेर ऐकला आणि उठून उभा राहिला. विठ्ठलनं त्याचा दंड धरला. "आत जाऊ नका, यूसुफभाई. तिला करू द्या."

युसरानं आईच्या पाठीवर हात ठेवला. फोनकडे तोंड करून ती इंग्रजीत म्हणाली की जरा थांबा. मग आईच्या कानाशी मराठीत म्हणाली, "अम्मी, मावशी ओली आहे. तिला गार वाटत असेल. पुढचं सांग."

शहरबानू उठून बसली. अंग पुसायचं, सांगितलं. कफनाला काय आहे, विचारलं. हलीनानं आजीच्या पेटीतलं न वापरलेलं पांढरं लिनन काढलं होतं, घरच्या मागावरचं. ते कसं फाडायचं, कुठला तुकडा आधी, डोक्याचं कापड कसं, तिन्ही गाठी कुठं, सगळं सांगितलं. शेवटची गाठ बांधल्याचं हलीनानं सांगितलं तेवढ्यात पलीकडे गाडीचं दार वाजलं. शववाहिनी आली होती.

"चेहरा झाकला?"

"झाकला."

"मग झालं," शहरबानू म्हणाली, आणि फोन तिनं स्वतः बंद केला.

संध्याकाळपर्यंत ती तिघं वफ्रातच होती. विठ्ठलनं भात आणि आमटी केली. शहरबानूनं घास घेतला नाही. परतताना ती मागच्या सीटवर बसली. यूसुफनं दोनदा आरशात बघितलं, तिनं बघितलं नाही.

आकाश उघडलं, पण नीट विमानं सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. ती तिघं गेली. जायला आता घाई नव्हती, आणि न जाणंही शक्य नव्हतं. नोव्ही तार्गच्या स्थानकावर स्ताशेक घ्यायला आला तेव्हा त्याच्या अंगात शर्ट सैल झाला होता. घरात सगळं तसंच होतं. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी यायचं. मागच्या वेळी गवत वाळवायला आलेले शेजारी, झरीनचे उपचार झाले त्या हॉस्पिटलातल्या बायका, कुवेतमध्ये काम केलेले जुने मित्र. ते केक आणि मशरूमचं सूप आणायचे, टोपी हातात धरून बसायचे. यूसुफ स्ताशेकबरोबर कुरणात जाऊन गवत कापायचा प्रयत्न करायचा. त्याला ते जमत नव्हतं, पण तो अंधार पडेपर्यंत थांबायचा. क्राकोवला कबरीवर ते दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा शहरबानूच म्हणाली, नको.

नवऱ्याशी ती कामापुरतं बोलायची. चहा घ्या. टॉवेल तिकडे आहे.

निघायच्या आदल्या सकाळी हलीना स्वयंपाकघरात भांडी धूत होती. शहरबानू तिच्याजवळ गेली आणि युसराला बोलावलं.

"हिला विचार, कसं केलं होतंस. मला दाखव."

हलीनानं हात पुसले. मग तिनं शहरबानूला स्टुलावर बसवलं, बाही वर केली, तांब्याएवढ्या मगात कोमट पाणी घेतलं आणि तिच्या हातावर ओतलं. खांद्यापासून बोटांपर्यंत आपला तळवा फिरवला, प्रत्येक बोट वेगळं धरलं, नखांच्या कडेनं अंगठा नेला. हात इतका हलका होता की शहरबानूच्या अंगावर शहारा आला. एक हात झाल्यावर हलीनानं दुसरा घेतला.

पहिला घेतलेला हात डावा होता.

युसराच्या ते लक्षात आलं. समोरून बघणाऱ्याचा उजवाडावा उलटा होतो, आणि फोनवर तिनं ते नीट समजावलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ती आईकडे बघत राहिली.

हलीनानं विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

शहरबानूनं ओल्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले. "बरोबर केलंस," ती मराठीतच म्हणाली. "मीही असंच केलं असतं." आणि युसराला म्हणाली, "सांग तिला."

युसरानं सांगितलं.

कुवेतला उतरले तेव्हा गरम वारा तोंडावर आला. घरात बंद हवेचा वास होता. शहरबानूनं खिडक्या उघडल्या, सूटकेस पलंगावर उघडली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. यूसुफ दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याची शुऐबाची पाळी होती.

"स्ताशेक आता एकटा आहे," शहरबानू त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात जायला पाहिजे. रजा आताच मागून ठेवा."

"उद्याच मागतो," यूसुफ म्हणाला. तो आत आला आणि तिच्या हातातून कपड्यांची चळत घेऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू लागला. तिनं त्याला ठेवू दिली.